खिशातला कान

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

छगननं आज अख्ख्या बेलापूरला लग्नाचं आमंत्रण दिलं. लग्न कुणाचं — त्यालाच माहीत नाही!

सकाळी गोडाऊनला आलो तर हा स्पीकरच्या बॉक्सवर बसून कपाळ धरून. माझ्या साउंड सर्व्हिसचा ड्रायव्हर तोच, ऑपरेटर तोच, म्हणून वाटलं मशीन जळालं. तर म्हणतो, "भाऊ, फोन येडा झालाय. मी न्हाई, त्योच मेसेज धाडतोय लोकान्ला." झालं असं की त्याला व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. उघडायला गेला तर परवानगी द्या, परत परवानगी द्या. हा देत गेला. आमच्या धंद्यात आलेली पत्रिका बंद ठेवता येत नाही — पत्रिका म्हणजे बुकिंग. कुणाची का असेना, उघडायची. मग तीच पत्रिका याच्या फोनवरून आपोआप सगळ्यांना गेली. सरपंचाला, चर्चच्या पाळकसाहेबांना, उरुसाच्या कमिटीला. दुपारपर्यंत लोक येऊन विचारताहेत, "छगन, दुसरं करतो का काय रं?" त्याची बायको चांगुणा तर हातातल्या पळीसकट गोडाऊनला आली!

पोट दुखेपर्यंत हसलो. उद्या त्याला श्रीरामपूरला रेश्माकडे नेतो. माझाही फोन दाखवीन. हल्ली खिशात नुसता पडून गरम होतो. नाताळात जावयानं दिलेला, माझ्या मुलानं, जस्टिननं तिथंच जेवणाच्या टेबलावर चालू करून दिला. जावयाची भेट, नाव ठेवायची सोय नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रेश्माचा कॉम्प्युटरचा क्लास आहे. तिच्या हॉलचा माईक मी बसवलाय, तेव्हापासून मला काका म्हणते आणि काकाचं काही चालू देत नाही.

छगनचा फोन हातात घेऊन म्हणाली, "हा ट्रोजन. पाहुणा म्हणून येतो. दार फोडत नाही, तुम्हीच उघडता. आणि आत आल्यावर बँकेचे मेसेज वाचत बसतो."

मी विचारलं, म्हणजे व्हायरसच ना?

"सगळ्याला व्हायरस म्हणायचं बंद करा काका. तुम्ही सगळ्या पेट्यांना स्पीकर म्हणता का?" लागलं मला ते! मग बसून ऐकलं. व्हायरस दुसऱ्या फाईलला चिकटतो, ती फाईल कुणी उघडली की पसरतो. वर्मला कुणाची गरज नाही, एका मशीनमधून दुसऱ्यात स्वतःच सरपटत जातो. एक जाहिरातींचा, तो नुसता डोकं उठवतो. एक कुलूपवाला, सगळ्या फाईली बंद करून वर पैसे मागतो. एक तुमची बोटं कुठल्या बटणावर पडली ते टिपून ठेवतो.

मी आपला आमच्या भाषेत लावत गेलो. वायर सैल असली की खरखर. माईक स्पीकरसमोर गेला की शिट्टी. कॉइल गेली की आवाज फाटतो. बिघाड कुठलाही असो, कानाला कळतो. चाळीस वर्षं या कानावरच तर खाल्लं. खांबावर चढून कर्णे बांधणाऱ्या पोराला दुसरं काय होतं?

"मग यातला वाईट कोणता?"

"ज्याचा आवाज येत नाही तो. बाकीचे चोर आहेत, येतात, घेतात, जातात. स्पायवेअर, म्हणजे हेर, तो राहायला येतो."

छगन म्हणाला, "म्हंजी घरजावई!" रेश्मा म्हणाली, "घरजावई परवडला, पाणी तरी भरतो."

तेवढ्यात राहुरीच्या पार्टीचा फोन आला, निघालो. माझा फोन दाखवायचा राहिलाच.

संध्याकाळची प्रार्थना. मुलगी आराधना नगरला नांदायला गेल्यापासून आमच्या घरी प्रार्थना फोनवरच होते. जावई रॉबिन फायनान्स कंपनीत वसुलीला, उशिरा येतो. ती दवाखान्यातल्या ड्युटीवरून सुटली की गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला जाते आणि तिथून फोन लावते. आम्ही फोन टेबलावर ठेवतो, स्पीकर चालू. मी, मग माझी बायको मरिया, मग ती. गप्पांत ती कधी काही सांगत नाही. "मी बरी आहे पपा." देवापुढे मात्र बोलते.

आज म्हणाली, "प्रभू, निघायची वेळ येईल तेव्हा माझ्या पायात चप्पल असू दे."

मरियानं आमेन म्हटलं. दिवाळीनंतर ती नगरहून एसटीनं आली होती — अनवाणी. रॉबिन दोन दिवसांनी हात जोडून घेऊन गेला होता.

९ फेब्रुवारी, रविवार

दोघं जेवायला आले. आराधनाच्या मनगटाला पट्टी. "निर्जंतुकीकरणाचं मशीन लागलं, पपा." नर्स आहे, तिला भाजल्याचं कसं दिसतं ते ठाऊक. मलाही आहे. हे भाजलेलं नाही.

रॉबिन मजेत. मटण दोनदा वाढून घेतलं. निघताना आराधना दारात चपला शोधू लागली. दिसेनात. तेव्हा हा हसत हसत गाडीच्या डिकीतून काढतो आणि म्हणतो, "हल्ली मीच कुलपात ठेवतो, पपा. हिच्या हरवतात. चपला देवाकडं कशाला मागायच्या? नवऱ्याकडं मागायच्या!"

मरिया हसली. तिला वाटलं चेष्टा.

आराधना हसली नाही. माझ्याकडे बघितलं तिनं. कसं बघितलं ते लिहीत नाही.

ती प्रार्थना गच्चीवर झाली. रॉबिन तेव्हा घरात नव्हता. ऐकणारे आम्ही दोघं आणि वर देव.

१० फेब्रुवारी

आज फोन आला नाही.

१२ फेब्रुवारी

आजही नाही. मी लावला तर कट केला. मग मेसेज — "ड्युटी वाढली आहे. प्रार्थना तुम्ही करा." आराधना असं लिहीत नाही. ती 'करून घ्या' म्हणते.

मरियाला कालपासून खोकला, छाती वाजते. मी तिला म्हटलं पोरांना कळवू. म्हणाली, "मुळीच नाही. एक तिकडे तसल्या घरात, एक पुण्यात कामाच्या ओझ्याखाली. कुणाला सांगायचं नाही." बरं, नाही सांगत.

एक गोष्ट आता मागे जाऊन लावतोय. जानेवारीत आराधना प्रार्थनेत पगाराबद्दल बोलली, त्याच आठवड्यात रॉबिननं तिचं एटीएम काढून घेतलं. नाताळानंतर मी तिला म्हटलं होतं, चार दिवस राहायला ये — दुसऱ्या दिवशी तिच्या गालावर वळ. तेव्हा योगायोग वाटला. आम्ही तिला बोलतं करायचो आणि ती त्याची शिक्षा भोगायची.

तिच्या फोनमध्ये आहे. राहायला आलेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जस्टिनचा फोन. रॉबिनचं वागणं त्याच्या कानावर घातलं. तो आणि रॉबिन नगरच्या होस्टेलला एका खोलीत होते, स्थळ त्यानंच आणलं, आताची पुण्याची नोकरीही रॉबिनच्या ओळखीनं लागली. म्हणून त्याला सांगताना जपून सांगितलं.

"दाजी तापट आहे पपा, पण वाईट नाही. आणि ती पण कमी नाही. संसार टिकला पाहिजे. उद्या कोर्टकचेरी झाली तर मंडळीत मान वर करून बसता येईल का तुम्हाला?"

म्हटलं, मान खाली घालून बसेन. पोरगी जिवंत पाहिजे.

मग म्हणाला, "बघतो मी. मम्मीला ज्येष्ठमध द्या चघळायला." आईत जीव आहे पोराचा, तेवढं बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नगरला जाऊन आलो. रेश्माला सोबत घेतली, सगळं सांगूनच घेतली. आराधनाच्या दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसलो. ती सुट्टीत आली, पांढऱ्या बुटांत. आपला फोन रेश्मापुढे सरकवला आणि माझ्या ताटलीतली भजी खाऊ लागली. लहानपणी खायची तशी, माझ्याच ताटलीतली.

रेश्मानं बराच वेळ फोन तपासला. परवानग्या, लपलेली ॲपं, बॅटरी कोण खातं ते. मग म्हणाली, "कोरा आहे. यात काही नाही."

असं कसं?

रेश्मानं माझ्याकडे बघितलं. खिशाकडे. हात पुढे केला. मी फोन दिला. थोड्या वेळानं तिनं बिलाच्या कागदावर मागून लिहिलं आणि माझ्यापुढे ठेवलं — बोलू नका.

फोन तिनं नॅपकिनात गुंडाळला, काउंटरवर गाणी वाजत होती तिथे स्पीकरला टेकवून ठेवून आली. परत येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "काका, तुमच्यात आहे. नाव 'सिस्टिम सेवा' असं दिलंय म्हणून कळत नाही. नाताळापासून आहे. माईक उघडतो, कॉल साठवतो, तुम्ही कुठे आहात ते सांगतो. हा आपोआप येत नाही. कुणीतरी फोन हातात घेऊन बसवावा लागतो."

जावयाची भेट!

आराधना भजं खायची थांबली. म्हणाली, "म्हणजे पपा... मी घरी फोन लावायचे..."

उरलेली भजी तिनं माझ्याकडे सरकवली.

१८ फेब्रुवारी

लोक माझ्याबद्दल म्हणतात, शांतवनच्या कानातून काही सुटत नाही. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला कुणी कुजबुजलं तर ऐकतो. आणि हा माझ्या छातीवरच्या खिशात. माझ्यापेक्षा तिखट कान. मी विचारायचो, "काय बाई, कशी आहेस?" आणि पट्टा तिकडे उठायचा.

आपटून फोडावासा वाटला. रेश्मानं बजावलंय, काढायचा नाही, फोडायचा नाही. काढला की त्याला कळेल. पुरावाही जाईल. आणि आराधना अजून त्याच्या घरात आहे.

तेव्हा तो खिशातच. त्याच्या देखत मी हसतो, पार्टीशी भाव करतो, छगनला शिव्या देतो. आवाजात काही येऊ द्यायचं नाही. दिवसभर साउंड चेक चालू आहे जणू.

बोलायला फक्त हे पान उरलंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फोन गोडाऊनमध्ये भजनाच्या रेकॉर्डिंगपुढे ठेवून नगरला गेलो. सायबर पोलिसांत तक्रार दिली. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. ते ॲप कुणाच्या खात्याला जोडलंय ते कंपनीकडून मागवू म्हणाले, वेळ लागेल. "फोन जमा करा."

म्हटलं, साहेब, पुढच्या शुक्रवारी करतो. तोवर त्याच्याकडून एक काम करून घ्यायचंय.

हसले. मी नाही हसलो.

दवाखान्यात आराधनाला पाच मिनिटं भेटलो. सगळं ठरलं. एकच विचारलं तिनं, "मम्मीला सांगितलं?" नाही. मरियाला खोटं बोलता येत नाही. तिच्या आवाजात लगेच कळतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो, दोघंच. मरिया म्हणाली, "फोन कशाला मध्ये? ती तर लावत नाही." म्हटलं, असू दे, कदाचित लावेल.

मग डोळे मिटून, एकेक शब्द सुटा सुटा करून म्हणालो, "प्रभू, येत्या रविवारी उपासनेनंतर आम्ही आराधनाला आणायला जाणार आहोत. मंडळीतली चार माणसं सोबत घेऊ. तोवर तिला धीर दे."

मरियाचे डोळे वाहत होते. "आमेन," म्हणाली. किती मनापासून म्हणाली!

उभ्या आयुष्यात धंद्यात थापा मारल्या, आज पहिल्यांदा इथे मारली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आणली.

सकाळची ड्युटी सुरू व्हायच्या वेळेला रॉबिन तिला स्वतः गेटवर सोडून गेला. चपला काढून घेऊन गेला म्हणे, पिशवीत घालून! आत गेल्यावर पांढरे बूट घातले आणि मागच्या बाजूनं, जिथून धुणं नेतात तिथून बाहेर. छगननं टेम्पो लावला होता. बॉक्सांच्या मधे गादी टाकलेली. छगन म्हणाला, "ताई, बसा. कमी जागा हाय, पन एसटीपक्षा बरी हाय." ती हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसताना ऐकली.

माझा फोन घरी देवळीत. तो आज नुसता मरियाची भांडी ऐकतोय.

शिरूर मागे टाकल्यावर छगनच्या फोनवरून जस्टिनला लावला. बेलापूरला आणलं तर रॉबिन दारात उभा राहणार, म्हणून तुझ्याकडे आणतोय म्हटलं. आधी "आज? रविवारी ना?" म्हणाला. लगेच, "आणा पपा, आणा. इथं सेफ राहील."

बिल्डिंगखाली उभा होता. बहिणीची पिशवी घेतली, पाठीवरून हात फिरवला. तिचा फोन बंद करून स्वतःच्या खिशात ठेवला, लोकेशन कळू नये म्हणून. नवं सिम आणून देतो म्हणाला. पोरगं मोठं झालं.

येताना छगन रेडिओबरोबर गात होता. मी झोपलो. आडवं पडल्याबरोबर झोपलो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन साहेबांकडे जमा केला. चांगुणानं तिचा जुना बटणांचा फोन दिला. सिम घातलं. हलका आहे. गरम होत नाही.

मरियाला सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, सुटली म्हणून. भाकरी थापता थापता थांबली.

"देवाला खोटं सांगितलंत. ते तुमचं तुम्ही बघा. पण माझ्याकडून आमेन का घेतलंत?"

तव्यावरची भाकरी मी उलटली.

२ मार्च, रविवार

उपासनेनंतर दारात खुर्ची टाकून बसलो. छगनही बसला, शेजारी लोखंडी टॉमी पाईप ठेवून. रॉबिन येणार, तमाशा करणार.

आला नाही. फोनही नाही.

बायको गेली, तीन दिवस झाले, आणि वसुलीचा माणूस गप्प? मांडवात सगळे बॉक्स एकदम बंद पडले की लोकांना शांत वाटतं. मला नाही वाटत.

छगन म्हणाला, "भ्याला असंल." असेल.

६ मार्च, गुरुवार

आराधनाचा फोन, जस्टिनच्या नंबरवरून. नवं सिम अजून चालू झालं नाही म्हणे. आवाज घुमत होता, स्पीकरवर ठेवल्यासारखा.

"मी बरी आहे, पपा."

घराबाहेर पडतेस का? हवा खा जरा.

"नाही. बूट जस्टिननं धुवायला टाकलेत. वाळले की."

मरियानं प्रार्थना करू या म्हटलं. आराधना म्हणाली, "तुम्ही करून घ्या, मम्मी."

मरिया नंतर म्हणाली, दमलीय पोरगी. सावरायला वेळ लागेल.

११ मार्च, मंगळवार

नगरहून साहेबांचा फोन. ॲपचं खातं कुठल्या मोबाईल नंबरवर उघडलं ते कळलं. वाचून दाखवतो, ओळखीचा आहे का सांगा. अर्धा त्यांनी वाचला. उरलेला मीच म्हटला. पोरगं बारावी पास झालं तेव्हा ते सिम मीच घेऊन दिलं होतं.

मरियाच्या खोकल्याचं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं, तरी ज्येष्ठमध द्या म्हणाला होता.

लावतोय. उचलत नाही.

साहेब म्हणाले पुण्याला कळवतो. छगननं टेम्पो काढलाय. मरियाच्या चपला पिशवीत घेतल्या — मायलेकींचं माप एकच आहे.